रोजच्या वापरासाठी कॅमेरा घ्यायचाय, पण डोकं गरगरतंय

उन्हाची तिरीप

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं इमानेइतबारे साथ दिलेला माझा छोटा कॅमेरा परवा गेला. सुरू केला की लेन्स अर्धी बाहेर येते, कर्र कर्र करते आणि पडद्यावर "बंद करून पुन्हा सुरू करा" असं येतं. केलं. वीस वेळा केलं.

फोनबद्दल तशी तक्रार नाही. पण लेक चार वर्षांची आहे आणि संध्याकाळी दिवे लागले की तिच्या अंगात येतं. फोनवर एकतर ती धुरकट पट्टा होऊन उमटते, नाहीतर चेहरा मेण फासल्यासारखा गुळगुळीत.

मला हवंय ते असं: खिशात नाही तर निदान छोट्या पर्समध्ये मावणारा. लेन्स बदलत बसणार नाही. घरातल्या उजेडात चालला पाहिजे. अधूनमधून फुलं-किडे काढते. व्हिडिओ जवळजवळ नाहीच. आणि बाबांनाही वापरता यावा. पडद्यावर बोटं फिरवणं ही त्यांना शिक्षा वाटते, बटणंच हवीत. नव्यातला सगळ्यात भारी परवडणार नाही, सेकंडहँडला ना नाही.

दोन दिवस वाचतेय. वन इंच, एपीएस-सी, मायक्रो फोर थर्ड्स, चाळीस मेगापिक्सेल... आता काहीही विचारलं तरी मला कळेनासं झालंय. वाट दाखवा.

कोपऱ्यातला

चांगला फोन घ्या. धागा संपला.

शंकासुर

^^ पहिल्याच प्रतिसादात धाग्याचा गळा दाबला. थांबा जरा, आत्ता कुठे टेकलोय.

दुर्बीण

तिरीपताई, आधी त्या इंचाचा निकाल लावू, म्हणजे निम्मी गरगर थांबेल.

"वन इंच" सेन्सर (लेन्समागचा प्रकाश टिपणारा तुकडा) प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी असतो. त्याची एकही बाजू इंचभर नाही, कर्णसुद्धा जेमतेम १६ मिमी. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत. नळीचा बाहेरचा व्यास इंचभर असला तर चित्र पकडणारा आतला भाग साधारण एवढाच भरायचा. नळ्या गेल्या, माप मात्र चिकटून राहिलं. तेव्हा इंच विसरा आणि क्षेत्रफळ बघा. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांतला सेन्सर सुमारे २८ चौरस मिमी, वन इंच ११६, मायक्रो फोर थर्ड्स २२५, एपीएस-सी ३६७ (कॅननचा थोडा लहान) आणि फुल फ्रेम ८६४. तुमचा गेलेला कॅमेरा बहुतेक त्या २८ वाल्यांतला असणार. म्हणजे वन इंचावर आलात तरी चौपट जागा.

पण नुसता सेन्सर बघून उपयोग नाही, खिडकी केवढी उघडते तेही बघा. ती 'एफ'च्या आकड्याने सांगतात, आकडा लहान तेवढी खिडकी मोठी. सोनीचा पहिला आरएक्स१०० (२०१२) एफ/१.८ पासून सुरू होतो, पण झूम पूर्ण ताणला की एफ/४.९. म्हणजे प्रकाश साधारण सातपट कमी. खोक्यावर मोठ्या अक्षरात १.८ छापलेलं असतं, ४.९ आपण शोधायचं.

उन्हाची तिरीप

दुर्बीण, हे कुणीच इतकं सरळ सांगितलं नव्हतं. आणि मेगापिक्सेल? २० पुरे की ४० हवेत?

जुनाट

मेगापिक्सेलचं मी सांगतो. माझ्याकडे अजून निकॉनचा डी४० आहे, २००६ चा, ६ मेगापिक्सेल. ३००८ × २००० ठिपके. त्यातून ८ × १२ इंचाचा प्रिंट काढला की इंचाला २५० ठिपके येतात. भिंतीवर लावलाय, आजवर कुणी जवळ जाऊन ठिपके मोजले नाहीत. साधा ४ × ६ चा प्रिंट तर दोन-सव्वादोन मेगापिक्सेलमध्ये निघतो. फोरके टीव्हीसुद्धा ८.३ मेगापिक्सेलचाच.

चाळीस कधी लागतात? फोटोचा कोपरा कापून तोच मोठा करायचा असेल तर. तुम्ही कापाकापी करता का?

उन्हाची तिरीप

छे हो. वाकडा असेल तर सरळ करते, बस.

कोपऱ्यातला

माझा एकोळी प्रतिसाद लोकांना झोंबलेला दिसतो, म्हणून सविस्तर लिहितो. आजचा फोन एक फोटो काढतच नाही. तुम्ही बटण दाबायच्या आधीपासून तो फ्रेम साठवत असतो, त्यातल्या काही एकावर एक रचतो, गाळ काढतो, सावल्या उचलतो. इवल्याशा सेन्सरमधून जे निघतं ते बघून कॅमेरेवाल्यांनी खरं तर हात जोडायला हवेत. लोकांनी पायाने मतदान केलंय. कॅमेरे आता घेतो कोण?

जुनाट

मतदानाचं खरं आहे. कॅमेरा उत्पादकांची जपानमध्ये संघटना आहे, सिपा. तिच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे बाहेर पडले, २०२३ मध्ये ८० लाखांच्याही आत. छोटे कॅमेरे तर कंपन्यांनी जवळजवळ बनवायचेच सोडले. म्हणूनच जे चांगले उरलेत ते सेकंडहँडलाही भाव खातात.

दुर्बीण

कोपऱ्यातले, फोनची तारीफ मान्य, पण त्या रचण्यातच ग्यानबाची मेख आहे. समोरचं स्थिर असेल तर दहा फ्रेम एकावर एक बसतात. पोर पलंगावरून उडी मारत असेल तर दहा फ्रेममध्ये दहा पोरं. मग फोन त्यातली एखादी उचलतो आणि तिचा गाळ घासूनपुसून काढतो. ताई म्हणतात तो मेणचट चेहरा तिथून येतो.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. फोनचा फ्लॅश म्हणजे एलईडी, थोडक्यात टॉर्च. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत झेनॉन फ्लॅश असतो. तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास लखकन चमकून विझतो आणि तेवढ्यात हलणारं पोर गोठतं. आरएक्स१०० चा फ्लॅश बोटाने मागे रेलून धरला तर उजेड छतावर आपटून खाली येतो आणि चेहरा पांढराफटक पडत नाही. कंपनीने असं वापरा म्हटलंय की नाही माहीत नाही, आम्ही सगळे करतो.

कोपऱ्यातला

फ्लॅशचा मुद्दा घेतला. बाकीचा लढा चालू राहील.

पायवाट

रिको जीआर ३ वापरतोय, त्यामुळे लिहितो. एपीएस-सी सेन्सर आणि वजन बॅटरीसकट २५७ ग्रॅम. शर्टाच्या खिशात राहतो. त्यात स्नॅप फोकस नावाची गंमत आहे: अंतर आधीच ठरवून ठेवायचं, दीड मीटर म्हणा, आणि बटण एकदम तळापर्यंत दाबायचं. फोकस शोधत बसायचा प्रश्नच नाही. चालत्या माणसांसाठी माझ्या माहितीत याला तोड नाही.

पण ताईंना सुचवणार नाही. झूम नाही, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, जीआर २ पर्यंत असलेला फ्लॅश ३ मध्ये काढून टाकलाय, आणि बॅटरी कंपनीच्याच आकड्यानुसार २०० फोटोंची. मी एकटाच फिरतो, मला चालतं. बाबांच्या हातात दिलात तर पाच मिनिटांत परत येईल.

खिशात ठेवणाऱ्यांना एक सूचना. माझ्या आधीच्या एका कॅमेऱ्यात (नाव नको) खिशातला भुगा लेन्समधून आत शिरला आणि प्रत्येक आकाशात एक करडा डाग यायला लागला. लेन्स काढता येत नसली की आपल्याला घरी साफही करता येत नाही. तेव्हापासून पातळ कापडी पिशवीत ठेवतो.

शंकासुर

एक वर्ष मी तो डाग पक्षी समजून नाव शोधत होतो.

पायवाट

शंकासुर =)) तुझ्याही कॅमेऱ्यात?

शंकासुर

हो. पक्षी नेहमी डावीकडे वरच बसायचा, तरी ट्यूब पेटली नाही.

लेन्सवेडा

तिरीप, लेन्स बदलणार नाही म्हणालीस ते दगडावर कोरून ठेव. मीही म्हणालो होतो. मिररलेस बॉडी (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि सोबत येणारी किट लेन्स घेतली. मग पोर्ट्रेटला हवी म्हणून ५० मिमी एफ/१.८. मग फुलांसाठी मॅक्रो. मग पक्ष्यांसाठी लांबडी. मग प्रवासात एवढं कोण उचलणार म्हणून एक हलकी. आज पाचातल्या दोन लेन्सांत बुरशीची जाळी आहे, कारण वर्षभर कपाटातून बाहेरच निघाल्या नाहीत. आता हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा काटा आणलाय. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवतो. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

हलके घ्या, पण कपाटात बुरशी खाणाऱ्या कॅमेऱ्यापेक्षा पर्समधला बरा.

झाडाखाली

बाबांचा मुद्दा सगळे विसरलेत. मी स्वतः त्या वयाचा आहे म्हणून सांगतो. चाळिशीनंतर पडदा नाकापासून दोन हात लांब धरावा लागतो. हात लांबले की थरथरतात. व्ह्यूफाइंडर असला की कॅमेरा कपाळाला टेकतो, कोपर छातीशी येतात, हात आपोआप स्थिर होतो. शिवाय शेजारी डायॉप्टरचं चाकोलं असतं, ते फिरवून चष्म्याशिवाय स्पष्ट दिसेल असं लावता येतं. आणि भर उन्हात पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो, तो वेगळा.

खिशातल्या कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडर असलेले थोडे. सोनी आरएक्स१०० चा मार्क ३ (२०१४) आणि त्यापुढचे काही, त्यात तो वर उचकटून बाहेर ओढावा लागतो. पॅनासॉनिक एलएक्स१०० (तोही २०१४), त्यात कायमचा बसवलेला आहे. कॅनन जी७एक्स मार्क २ ला नाही. फुजीच्या एक्स१०० घराण्यात आहे आणि फार सुंदर आहे, पण ती एकाच लेन्सची माणसं.

फुलं-किड्यांचं म्हणाल तर इथे लहान सेन्सर उलट कामी येतो, कारण जवळून काढताना जास्त खोलीपर्यंत स्पष्ट राहतं. ऑलिंपसचा टीजी-६ लेन्सपासून सेंटिमीटरभर अंतरावरचा किडाही टिपतो आणि पाण्यात १५ मीटरपर्यंत चालतो. घरातल्या अंधारात मात्र तो तुमच्या कामाचा नाही.

मधेच_डोकावणारी

विषय निघालाच आहे तर, कॉलेजातली पोरं २००५ चे डबडे कॅमेरे शोधून का वापरताहेत? भाची म्हणते सीसीडीचे रंगच वेगळे.

दुर्बीण

अवांतर आहे, पण भाचीचं अर्धंच खरं. रंग ठरतात ते सेन्सरवरच्या गाळण्यांनी आणि आतल्या प्रक्रियेने. सेन्सर जुन्या प्रकारचा सीसीडी की आताचा सीमॉस याने तेवढा फरक पडत नाही. त्या फोटोंचं रूप येतं थेट तोंडावर मारलेल्या फ्लॅशमधून आणि जळलेल्या पांढऱ्या भागांतून. म्हणजे ज्याला आम्ही दोष म्हणायचो तीच आता फॅशन.

घ्यायचाच असेल तर कार्ड कुठलं ते आधी बघायला सांगा. काही जुने कॅमेरे २ जीबीच्या वरचं कार्ड ओळखत नाहीत. ऑलिंपस आणि फुजीच्या काही मॉडेलांत एक्सडी कार्ड लागायचं, ते आता बनतच नाही.

जुनाट

जुन्याची एवढी हौस असेल तर १९७५ पर्यंत जा की. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने बनवलेला पहिला डिजिटल कॅमेरा: वजन साडेतीन किलोच्या वर, १०० × १०० ठिपके, काळापांढरा. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद.

शंकासुर

२३ सेकंद! तेवढ्या वेळात ताईंची लेक चार खोल्या फिरून परत जागेवर.

दुर्बीण

मूळ मुद्द्यावर येऊ. तिरीपताई, मॉडेल ठरवायच्या आधी एक काम करा. गेल्या वर्षीचे फोटो उघडा, हुकलेलेसुद्धा, आणि प्रत्येकाची माहिती उघडून दोन आकडे बघा: फोकल लेंग्थ (झूम किती ताणलाय ते) आणि शटरचा वेळ. झूम खरंच किती वापरता ते पहिल्यातून कळेल. पोर पट्टा का होतं ते दुसऱ्यातून.

उन्हाची तिरीप

अहो, काल रात्री बसले मोजायला. चारशेएक फोटो बघितले. दोन-तृतीयांश तर झूमला हातच न लावता काढलेत. उरलेल्यांत बहुतेक थोडासाच पुढे. झूम पूर्ण ताणून काढलेले बाराच निघाले आणि बाराही चंद्राचे. सगळ्यांत एक पांढरं बटण.

आणि शटर: संध्याकाळी घरात १/१५, १/२०, एक तर १/८. हे वाईट आहे का? कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन होतं ना?

दुर्बीण

स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर पुसतं, लेकीची उडी नाही पुसत. पळणाऱ्या पोराला १/२५० तरी लागतं. १/१५ वरून १/२५० वर आलात की प्रकाश साधारण सोळावा हिस्सा उरतो. तो कुठून तरी भरून काढायचा. आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा) ४०० होता तो ६४०० होणार आणि २८ चौरस मिमीच्या सेन्सरवर ६४०० म्हणजे नुसता रवाळ गाळ. म्हणून मोठा सेन्सर, म्हणून उघडी लेन्स. चैन म्हणून नाही सांगत.

एक सोपा उपाय कुठल्याही कॅमेऱ्यात चालेल. ऑटो सोडून शटर प्रायॉरिटी (शटरचा वेग आपण ठरवायचा) लावा, वेग १/२५० ठेवा, आयएसओ ऑटोवर सोडा. फोटो थोडा रवाळ येईल, पण पोर पोरासारखं दिसेल. रवा नंतर कमी करता येतो, पट्ट्याचं पोर करता येत नाही.

कोपऱ्यातला

हे पटलं. (हो, मीच लिहितोय.) झूम लागत नाही हे कळलं म्हणजे २४-२०० मिमी झूमवाल्या आरएक्स१०० मार्क ७ चा मोह गेला. तो एफ/२.८ लाच सुरू होतो. मार्क ३ चा झूम २४-७० एवढाच, पण एफ/१.८ ते २.८. संध्याकाळच्या घरात लांब झूमपेक्षा हे मोलाचं.

लेन्सवेडा

कोपऱ्यातला कॅमेरा सुचवतोय. स्क्रीनशॉट काढून ठेवा रे कुणीतरी.

उन्हाची तिरीप

आठवडाभर गायब होते, क्षमस्व. नणंदेचा मिररलेस मागून आणला होता, एवढं बोलताय तर वापरून बघू म्हणून. पहिल्या दिवशी साठ फोटो. दुसऱ्या दिवशी बॅगेतून निघालाच नाही. तिसऱ्या दिवशी नऊ. मग खुंटीवर. फोटो सुरेख येतात, पण तो बाहेर काढायचा म्हणजे समारंभ वाटतो. लेकसुद्धा उडी अर्धवट टाकून पोझ द्यायला उभी राहायची.

तेव्हा आता दोनच उरलेत: मार्क ३ आणि एलएक्स१००. सेकंडहँड दोन्ही मिळताहेत. घेताना काय बघू?

पायवाट

चार-पाच वेळा चालू-बंद करून लेन्सचा आवाज ऐका. तुमच्या जुन्याची कर्र कर्र कानात आहेच, तिची पुसटशी सुरुवात वाटली तरी सोडून द्या. मग एफ/११ वर मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, धुळीचे डाग लगेच उघडे पडतात. लेन्स झाकून काही सेकंदांचा एक फोटो काढा, काळ्यावर लाल-पांढरे टिंब चमकले तर ते बिघडलेले 'हॉट' पिक्सेल. बॅटरी खाचेतून सुळकन निघाली पाहिजे. अडकत असेल तर फुगलीय.

झाडाखाली

आणि बाबांना बरोबर न्या. त्यांच्याच हातात द्या.

मार्क ३ लहान आहे, २९० ग्रॅम, फ्लॅश अंगातच. पण बटणं तांदळाएवढी, आणि व्ह्यूफाइंडर आत ढकलला की कॅमेराच बंद होतो, याने माणूस चिडतो. एलएक्स१०० जवळजवळ ३९० ग्रॅम, जाडजूड, फ्लॅश वेगळा खोचावा लागतो. सेन्सर मायक्रो फोर थर्ड्सचा, पण तो पूर्ण वापरत नाही, म्हणून १२.८ मेगापिक्सेलच. तरी वन इंचापेक्षा बराच मोठा भाग कामाला येतो. आणि शटरची खरीखुरी गोल डायल आहे, आकडे कोरलेली. फिल्मचा कॅमेरा वापरलेल्या माणसाला ती ओळखीची वाटते.

उन्हाची तिरीप

आणला! एलएक्स१००.

मला खरं तर मार्क ३ घ्यायचा होता, फ्लॅशसाठी आणि पर्ससाठी. बाबांनी तो हातात घेतला, अंगठा फिरवला, दोन बटणं एकदम दाबली गेली, परत दिला. काही बोलले नाहीत. एलएक्स१०० घेतला आणि डायल बघून म्हणाले, "हे काय, इथे आकडे लिहिलेत की." मग माझ्या मताला कोण विचारतो. डायल २५० वर, बाकी सगळं 'ए' म्हणजे ऑटोवर, आयएसओ ऑटो. संध्याकाळी बारा फोटो काढले, चारांत लेक हवेत आणि चेहरा चेहऱ्यासारखा. बाकीच्या आठांत फोकस मागच्या पडद्यावर गेलाय, ते माझं मला शिकावं लागेल. पर्समध्ये मावतो, पण आता पर्समध्ये दुसरं काही मावत नाही.

बाबांनी स्वतःहून काढलेला पहिला फोटो चार्जरच्या वायरीचा आहे. म्हटलं हे काय, तर म्हणाले, "जवळून किती येतं ते बघत होतो." तीन सेंटिमीटरवरून घेतलाय आणि वायरीवरची अक्षरं वाचता येताहेत.

जुनाट

बाबांना सदस्यत्व द्या.

शंकासुर

अभिनंदन! तो जुना, कर्र कर्रवाला कुठे गेला?

उन्हाची तिरीप

लेकीने ताब्यात घेतलाय. लेन्स अर्धी बाहेर येऊन कर्र करायला लागली की ती आम्हाला "हला नका" म्हणते.